मिक्सर चालू होता

८ जानेवारी, सोमवार

सुगतन म्हणाला, "चेच्ची, आजपासून सगळं तारीखवार लिहून ठेवा. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तोंडी बोलण्याला कुणी विचारत नाही." म्हणून ही वही. माझ्या लेकीने, शेरिनने, मस्कतहून आणली होती, सोनेरी कडांची. चार वर्षं कपाटात पडून होती.

तर लिहिते. मी फ्लोरी, सिनेमातल्या लोकांची चेच्ची, म्हणजे ताई, वय एकसष्ट, राहणार तिरुवनंतपुरम. छत्तीस वर्षं मी सिनेमातल्या नायिकांना आवाज दिला. चेहरा त्यांचा, आवाज माझा. चित्रपट दीडशेच्या आसपास, पडद्यावर माझं नाव आलं ते मोजून सहा. गेली सात वर्षं काम बंद आहे. आता नट्या आपापल्या आवाजात बोलतात, आणि दिग्दर्शकांना दर चार मैलांवरची वेगळी बोली हवी असते.

आणि आज सकाळी जुमाना नावाच्या एका दिग्दर्शक पोरीचा फोन. कोळिकोडची आहे, पहिल्याच वाक्याला कळलं. म्हणाली, "फ्लोरी चेच्ची, स्टुडिओत येऊन नुसतं बोलाल? संवाद वगैरे काही नाहीत. लहानपणचं, घरचं, मनात येईल ते. आठ-दहा दिवस."

संवाद नाहीत आणि आठ-दहा दिवस बोला! मी लगेच सुगतनला फोन लावला. माझी निम्मी चित्रं त्यानेच ध्वनिमुद्रित केली, आता घरी बसून असतो. तो म्हणाला, "झालं. दहा तास बोलणं मिळालं की यंत्र आवाज उचलतं. मग तुम्ही मेलात तरी तुमचा आवाज काम करत राहणार. तामिळमध्ये एकीचा असाच गेला म्हणे."

जाणार आहे. त्यांचा डाव जवळून बघायला जाणार आहे. आणि खरं लिहायचं तर सात वर्षांत मला कुणी बोलावलं नव्हतं.

१० जानेवारी, बुधवार

जुमाना तिशीची असेल. नाकात चमकी, केस कापलेले. कोपऱ्यात अंबिली नावाची नटी वही घेऊन बसलेली. नटीचं तिथे काय काम? विचारलं तर म्हणे, "ऐकायला आलेय." कानाला यंत्र लावून वहीत खुणा करत होती. गरम पळमपोरी, केळ्याची भजी, मागवली होती, दोनदा आग्रह केला. मी एकच खाल्ली.

मी ठेवणीतली भाषा काढली. सावित्री टीचरनी मला अठराव्या वर्षी आरशासमोर उभी करून शिकवली ती, भारतप्पुळा नदीकाठच्या मोठ्या घरांतली. सिनेमातल्या नायिकेने प्रेम करायचं ते त्याच भाषेत, रडायचं तेही त्याच. एके काळी या शहरातल्या बसमध्ये कॉलेजच्या पोरी माझ्यासारख्या रुसत असत. मी पाठीमागच्या बाकावरून ऐकलंय. त्यांना काय माहीत, ते रुसणं पूवारच्या किनाऱ्यावरच्या एका मासेवालीच्या पोरीचं आहे.

तासाभराने जुमानाने यंत्र थांबवलं. "चेच्ची, घरीपण असंच बोलता?"

"असंच."

तिचा चेहरा पडला. का पडावा? आवाज तर पहिल्या नंबरचा देत होते.

खोटं मात्र बोलले नाही. मी घरीसुद्धा असंच बोलते. शेरिन लहान होती तेव्हा म्हणायची, "अम्मा, तू रागावतेस ना, तेव्हा मला वाटतं आता गाणं सुरू होणार." अम्मच्ची, माझी आई, गेली तेव्हा किनाऱ्यावरच्या सगळ्या बायका छाती पिटून रडत होत्या, आणि माझ्या तोंडून हुंदका निघाला तोसुद्धा नायिकेचा. चार बायका वळून बघायला लागल्या. मार्था चेच्ची, माझी थोरली बहीण, पटकन माझ्या अंगावर पदर घालून उभी राहिली.

१२ जानेवारी, शुक्रवार

चेच्चीचा पूवारहून फोन. तिचे फोन म्हणजे मासे काय भावाने गेले आणि फादर काय बोलले. आज मात्र मध्येच म्हणाली, "काय गो, ती चमकीवाली पोर कशी हाय? चांगली हाय ना?"

मी म्हटलं, "कसली चांगली! चोर आहेत सगळे. तू नको लक्ष घालूस, तुला यातलं काही कळायचं नाही."

"बरं बाय, नाय घालत," म्हणाली.

चमकीचं मी तिला कधी सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक परवा सांगितलं असेल.

१५ जानेवारी, सोमवार

रविवारभर विचार केला आणि युक्ती सुचली. कराराचा कागद त्यांनी देऊ केलाय, त्यात 'संशोधनासाठी ध्वनिमुद्रण' असा शब्द आहे. संशोधन! म्हणजे सुगतन म्हणतो तेच. आता काम अर्ध्यावर सोडलं तर ते आधीचं तासभर वापरतील. त्यापेक्षा यंत्रालाच फसवावं. जी बोली आजपर्यंत कुठल्या नायिकेच्या तोंडी कुणी घातली नाही आणि घालणार नाही, तीच त्याच्या घशात ओतायची. आमची, किनाऱ्यावरची. घ्या म्हणावं, हा आवाज उचला.

सकाळी जीभ वळेना. चाळीस वर्षं बांधून ठेवलेली. मग अम्मच्ची बाजारात गिऱ्हाइकाशी कशी भांडायची ते करून दाखवलं: "अगो डोळं बग त्या बांगड्याचं, डोळं! तुज्या नवऱ्यापरीस ताजा हाय!" आणि मग दारं उघडली. दुपारपर्यंत मी थांबले नाही.

सगळे पोट धरून हसले. जुमाना तर टेबलावर डोकं टेकून हसत होती. हसणारच. आमची बोली सिनेमात येते ती चोराच्या, दारुड्याच्या, नाहीतर भांडकुदळ मासेवालीच्या तोंडी. ती कानावर पडली की हसायचं, हे सगळ्या केरळला सिनेमाने शिकवलंय. स्टुडिओत असा प्रसंग आला की मीसुद्धा बाकीच्यांबरोबर हसायचे.

निघताना जुमाना म्हणाली, "माझ्या कोळिकोडच्या बोलीलापण असंच हसतात, चेच्ची. माझी उम्मा थिएटरात जायचीच बंद झाली." उम्मा म्हणजे आई. मला घोळात घ्यायचा प्रयत्न. मी छत्री उचलली आणि निघाले.

१७ जानेवारी, बुधवार

पुरावा सापडला. आज जुमानाने मला डबा दिला, सुक्या नेथोळी मासळीचा. निळा बिस्किटाचा डबा, जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेला, वर तीन गाठी. आमच्याकडे बांधतात तशा. शहरातल्या कुठल्या दुकानात असा डबा मिळत नाही.

"कुठून आणलात?"

"किनाऱ्यावर गेलो होतो, लोकेशन बघायला," म्हणाली आणि अंबिलीकडे बघितलं. अंबिलीने मान खाली घातली.

म्हणजे हे लोक माझ्या गावात जाऊन माझी चौकशी करतात. कुणाकडे? माझी चुलत वहिनी रेजिना पैशाला पासरी बातम्या विकणारी आहे, तिचंच काम. सुगतनवरही आता माझा पूर्ण भरवसा नाही. याला यंत्राची इतकी माहिती कशी?

नेथोळी मात्र चांगली होती. चेच्ची वाळवते तशी, खारट कमी.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज बोलायला काही उरलं नव्हतं. मासे झाले, चर्च झालं, अम्मच्चीचं आजारपण झालं. जुमाना म्हणाली, "शहरात आल्यावरचं सांगा." मी म्हटलं सांगते. यंत्राला अर्थ थोडाच कळतो, त्याला आवाजाशी काम. आणि त्या दोघी पोरी उद्या विसरतील. म्हणून जे कुणाला कधी सांगितलं नाही ते आमच्या बोलीत सांगून टाकलं. आमच्या बोलीत सांगताना ते सोपं गेलं, हेही लिहून ठेवते.

शहाण्णव साल. एक मोठे निर्माते बायकोला घेऊन आमच्या फ्लॅटवर आले होते. तीन चित्रांचं काम ठरायचं होतं. बाईला फार उत्सुकता, 'या आवाजाची बाई' कशी राहते ते बघायची. त्यांच्या डोक्यात मी नदीकाठच्या एखाद्या मोठ्या घरातली होते आणि मी तसं समजू दिलं होतं. नेमकी त्याच दिवशी चेच्ची पूवारहून आली होती, ओल्या फडक्यात सुरमई बांधून, किनाऱ्यावरच्या बायकांसारखी लुंगी-चट्टा नेसलेली. मी तिला स्वयंपाकघरात पिटाळलं, चटणी वाटायला. बाईने आत डोकावून विचारलं, "ही कोण?"

मी म्हटलं, "कामाला आहे."

एवढंच. मिक्सर चालू होता. चेच्चीने ऐकलेलं नाही. बाई उण्णियप्पम खाऊन तेलकट हात धुवायला आत गेली आणि हसत बाहेर आली. म्हणाली, "बाई चांगली मिळालीय हो तुम्हाला." तेव्हा मला हायसं वाटलं. चेच्चीने ऐकलं असतं तर तिचा चेहरा दिसला असता ना बाईला. संध्याकाळच्या बसने ती गेली. त्यानंतर माझ्या घरी अशी राहायला आलीच नाही. गुडघे दुखतात तिचे, फ्लॅटला तीन जिने आहेत. सत्तावीस वर्षं झाली दुखतायत.

सांगून वर बघितलं तर अंबिली उठून बाहेर गेली होती. जुमाना यंत्र बंद करायचं विसरली. म्हणाली, "मार्था चेच्चीला हे माहीत नाही, असं तुम्हाला वाटतं?"

मी स्टुडिओत बहिणीचं नाव कधी घेतलंच नव्हतं. नुसतं 'चेच्ची' म्हटलं होतं. हिला नाव कुठून कळलं? रेजिना, दुसरं कोण!

"नाही माहीत," मी म्हटलं. "मिक्सर चालू होता."

"चेच्ची, तुम्ही दोघी एकदा बसून बोला ना."

आमच्या घरच्या गोष्टीत बोलणारी ही कोण? उद्यापासून जाणार नाही असं सांगून आले.

२४ जानेवारी, बुधवार

जुमानाने माणसाबरोबर जाडजूड बाड पाठवलं. पूर्ण पटकथा. वर चिठ्ठी: 'चेच्ची, हे वाचल्याशिवाय मी कॅमेरा लावणार नाही. एखादी ओळसुद्धा नको वाटली तर काढून टाकेन. वाचून सही करा.'

सुगतन म्हणाला, "बघा! वाक्यं पाठवली. आता मोठ्याने वाचायला लावतील आणि फोनवर टिपून घेतील." मला पटलं. एक पान उघडलं नाही. पण कटकट मिटवायची म्हणून 'हरकत नाही' असं लिहून सही केली आणि पाठवून दिलं. यंत्रात सगळा कचराच भरलाय, आता काय हरकत असणार! बाडाची एक प्रत राहिली, ती मसाल्याच्या बाटल्यांखाली घातली आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दहा महिने या वहीत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज मोबाइलवर चित्राची झलक आली. नाव 'उप्पुपात्रम', म्हणजे मिठाचं भांडं. कान लावून सात वेळा ऐकली. अंबिली बोलते ती आमची बोली. आवाज माझा नाही.

सुगतन म्हणतो, "यंत्राने थोडा बदलला असेल. आपण सिनेमा लागला की पहिल्या खेळाला जाऊन खात्री करू."

पण माझा कान छत्तीस वर्षं हेच काम करतोय. तो त्या पोरीचाच आवाज आहे. वहीत खुणा कसल्या करत होती ते आत्ता कळलं. मग माझ्याकडून त्यांनी चोरलं तरी काय? हे न कळणं जास्त वाईट आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

चेच्चीचा फोन. "उद्या नेय्याट्टिनकऱ्याला पयला खेळ. आपली गावची बस भरून चाललीय. तू येशील नव्हं? माज्याजवळ बस."

चेच्चीने माझं एकही चित्र चुकवलेलं नाही. मागे एकदा म्हणाली होती, "मी डोळं मिटून बसते बग. डोळं उघडलं की ती दुसरीच कुणी असती. मिटलं की आमची फ्लोरी." मी तेव्हा हसले होते.

तिला म्हटलं, "गुडघे दुखतील, तिथे जिने आहेत."

"चढीन गो," म्हणाली.

६ डिसेंबर, शुक्रवार

चेच्चीच्या घरी बसून लिहितेय. सगळं नीट, क्रमाने लिहायचं आहे. पण आता कोर्टासाठी नाही.

थिएटर पूवारच्याच माणसांनी भरलेलं. सुरुवातीला आपल्याकडे ती आभारांची लांबलचक यादी येते ना, पंचायतीपासून चहावाल्यापर्यंत, तेव्हा लोक खुर्च्या शोधत होते. चेच्ची मात्र पुढे झुकून, ओठ हलवत, एकेक नाव वाचत होती. मी म्हटलं, "ते कुणी वाचत नाही, बस नीट." ती म्हणाली, "नसंल वाचत. मला वाचू दे."

पहिलाच प्रसंग. शहरातल्या फ्लॅटचं दार, बाहेर अंबिली, लुंगी-चट्टा, हातात ओलं फडकं. दार उघडल्याबरोबर म्हणते, "काय गो, येवढा येळ?"

सगळं थिएटर हसलं. आमचीच माणसं, आमच्याच बोलीला. सवयीने हसली. पण पडद्यावर कुणी हसेना. संगीतही वाजेना, आणि हळूहळू मागच्या रांगेपर्यंत हसणं विरून गेलं. त्यानंतर तासभर कुणी हसलं नाही असं नाही, पण ते हसणं वेगळं होतं. घरात हसतात तसं.

मी घाबरले होते. दार, फडकं, फ्लॅट, पुढे काय येणार ते मला कळलं होतं. चोरी आवाजाची नव्हती. मी माझ्या तोंडाने ते ओतलं होतं, आणि सहीसुद्धा केली होती, न वाचता. शेजारी चेच्ची. तिला हात धरून बाहेर न्यावं, गुडघ्याचं निमित्त करावं, असं मनात आलं. मी उठलेसुद्धा. तिने माझं मनगट धरून खाली बसवलं.

आला तो प्रसंग. निर्माता, बायको, उण्णियप्पमची ताटली. आत अंबिली चटणी वाटतेय, मिक्सर घरघरतोय. बाहेर पाहुण्यांचे आवाज येतात, तशी ती हात पुसते आणि मिक्सर बंद करते. पाहुण्यांना त्रास नको म्हणून. सगळं शांत होतं. मग बाहेरून स्पष्ट ऐकू येतं: "कामाला आहे."

मिक्सर बंद होता.

पुढे ती बाई हात धुवायला आत येते. अंबिली तिच्या हातावर पाणी ओतते. बाई विचारते, "काय गं, पगार किती देतात?"

अंबिली खाली बघून म्हणते, "पुष्कळ देत्यात, बाईसायब. सख्ख्या बहिणीवानी वागवत्यात मला."

बाई हसत बाहेर जाते.

हे मी जुमानाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुठून, मलाच माहीत नव्हतं. त्या स्वयंपाकघरात तेव्हा दोघीच होत्या. त्यातली बाई मरून पंधरा वर्षं झाली. म्हणजे चमकी, निळा डबा, तीन गाठी, 'मार्था चेच्ची'. रेजिना बिचारी कुठेच नव्हती. आणि मी छत्तीस वर्षं आवाज ओळखून पोट भरलेली बाई.

मला रडू आलं. कुठल्या बोलीत ते माहीत नाही, पण या वेळी वळून कुणी बघितलं नाही.

शेवटी न राहवून चेच्चीच्या कानाशी लागून विचारलं, "खरंच असं म्हणाली होतीस?"

"मग काय सांगू? तुजं काम गेलं असतं."

"मला कधी बोलली का नाहीस?"

"तू कदी इचारलंस? त्या पोरीनं इचारलं. तुला फोन लावायच्या आदी चार दिस माज्या ओट्यावर बसलेली. मीच तिला म्हटलं, आमच्या फ्लोरीला बोलती कर." आणि मग दटावून, "आता गप बस, मला बगू दे."

आज तिने डोळे मिटले नव्हते.

८ डिसेंबर, रविवार

दोन दिवस इथेच आहे. सुगतनचे पाच फोन येऊन गेले, उचलले नाहीत. शेरिनला सांगितलं की थोडे दिवस राहीन. चेच्ची गुडघे दुखतात असं एकदाही म्हणाली नाही. मघाशी पाण्याची कळशी घेऊन सरळ चालत गेली.

चर्चमधून मिस्सा आटोपून आल्यावर ओट्यावर बांगडे साफ करायला बसले. हात विसरलेत, खवलं अंगभर उडतात. पलीकडच्या गल्लीत नवीन लग्न होऊन आलेली एक सूनबाई मीठ मागायला आली. मला ओळखेना. शहरातली साडी, हातात सुरी, नाकाला खवलं चिकटलेलं.

"मार्था अम्मच्ची, ही कोण?"

मी मान वर केली नाही. सुरी तिथेच थांबली.

चेच्ची दारात उभी होती. वाटीत मीठ भरता भरता, चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाली, "ही व्हय? कामाला हाय. बांगडा धड साफ करता येत नाय, पर ठेवलीय."

सूनबाईने माझ्याकडे बघितलं, मग हळूच विचारलं, "आणि पगार?"

चेच्चीने माझ्याकडे बघितलं. उत्तर मी द्यायचं होतं.

"पुष्कळ देत्यात गो," मी म्हटलं. "सख्ख्या बहिणीवानी वागवत्यात मला."

आमच्या बोलीत म्हटलं. ती पोर मीठ घेऊन गेली. अजून नऊ बांगडे राहिले होते.